यंत्र थांबले असे केव्हा म्हणावे?

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वर्तुळाकार गतीचा पाठ असतो. दोरीला दगड बांधून फिरवणारा मुलगा त्या पाठात हटकून भेटतो. त्याचा दगड एकाच गतीने फिरत असतो. तो फिरू कसा लागला आणि पुढे थांबला कसा, याविषयी पुस्तक काही सांगत नाही, आणि परीक्षेतही तसा प्रश्न येत नाही. त्यामुळे आपली अशी समजूत होते, की फिरत्या यंत्राचे शास्त्र म्हणजे त्याच्या एकसमान गतीचे शास्त्र. सुरू करणे आणि बंद करणे ही बटणाची कामे, त्यात शिकण्यासारखे ते काय?

ही समजूत चुकीची आहे. वेगाने फिरणारे यंत्र पूर्ण गतीला पोचून स्थिर चालू असते, तेव्हा सहसा ते फारसा त्रास देत नाही. त्याची खरी परीक्षा असते ती गती घेताना आणि गती सोडताना. कामगाराचा हात यंत्राजवळ जातो तोही बहुधा याच वेळी. म्हणून यंत्र सुरू करणे आणि थांबवणे हा विज्ञानाच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, तो केवळ कारखान्यातल्या भिंतीवरच्या सूचनाफलकाचा विषय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी एकाच यंत्राचे उदाहरण घेणार आहे. ते यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज किंवा अपकेंद्री यंत्र.

साखरेच्या कारखान्यातील यंत्र

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हे यंत्र पाहण्यासाठी फार लांब जायला नको. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले आणि पुढे राज्याच्या अनेक तालुक्यांत अशी धुराडी उभी राहिली. उसाचा रस शुद्ध करून, आटवून, साखरेचे दाणे धरू दिले, की दाणे आणि मळी यांचा एक दाट, तपकिरी लगदा तयार होतो. कारखान्यात त्याला मॅसेक्विट म्हणतात. आता दाण्यांना चिकटलेली मळी काढायची कशी? पूर्वी ती आपोआप निथळू देत, आणि त्याला दिवसच्या दिवस लागत. अपकेंद्री यंत्र हेच काम काही मिनिटांत करते.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. उभ्या दांड्याला टांगलेला, भोकाभोकांचा एक मोठा ड्रम असतो आणि त्याला आतून बारीक जाळी लावलेली असते. ड्रम जोरात फिरला, की लगदा जाळीवर दाबला जातो, मळी जाळीतून बाहेर जाते, दाणे आत राहतात. मग पाण्याचा फवारा मारून दाणे धुतात, ड्रमची गती कमी करतात आणि साखर खरवडून खाली पाडतात. पुन्हा लगदा भरायचा, पुन्हा फिरवायचे. मोठे यंत्र असे एक आवर्तन साधारण तीन-चार मिनिटांत पुरे करते. म्हणजे एका पाळीत ते शंभराहून अधिक वेळा गती घेते आणि तितक्याच वेळा गती सोडते. आपल्या मुद्द्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

थोडा हिशेब

ड्रमचा व्यास १.२ मीटर आणि गती मिनिटाला १२०० फेरे आहे असे समजू. एका सेकंदात २० फेरे झाले. ड्रमच्या कडेचा वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २७० किलोमीटर येतो. कडेवरील साखरेच्या दाण्याचे केंद्राकडील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९६६ पट भरते. एरवी दिवसांचे असलेले काम यंत्र मिनिटांत करते त्याचे रहस्य हेच.

आता ऊर्जा पाहू. ड्रम आणि त्यातील माल मिळून १००० किलोग्रॅम वस्तुमान कडेशी आहे असे सोयीसाठी धरू. त्याची गतिज ऊर्जा सुमारे २८ लाख ४० हजार ज्यूल होते. दहा टन वजनाचा भरलेला ट्रक ताशी ८६ किलोमीटर वेगाने धावत असताना त्याच्यात एवढी ऊर्जा असते. ट्रक रस्त्यावर दिसतो, त्याचा वेग जाणवतो आणि आपण बाजूला होतो. ड्रम मात्र आपल्या जागीच असतो. तेवढीच ऊर्जा एका मोठ्या पिंपाएवढ्या जागेत बंद असते आणि पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

सुरू करताना

पहिला धोका तोल जाण्याचा. समजा, लगदा एका बाजूला एक किलोग्रॅम जास्त बसला. १२०० फेऱ्यांच्या गतीला हा एक किलो दांड्याला किती बळाने ओढील? सुमारे ९५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतक्या बळाने. शिवाय या ओढीची दिशा ड्रमबरोबर फिरत राहते, सेकंदाला वीस वेळा. धारवे (बेअरिंग), दांडा, पायाचे बोल्ट या साऱ्यांना ती सोसावी लागते. म्हणूनच जाणता चालक अशा यंत्रात लगदा भरताना ड्रम हळू फिरत ठेवतो, थर सगळीकडे सारखा बसू देतो आणि मगच गती वाढवतो.

तुमच्या घरी कपडे धुण्याचे स्वयंचलित यंत्र असेल तर तेही हेच करते. पिळण्याआधी ते कपडे हळूहळू इकडेतिकडे फिरवून पसरते. एक जाड चादर एकाच बाजूला गोळा झाली, की यंत्र धडधडते, पुष्कळदा स्वतःच थांबते आणि पुन्हा पसरायला लागते. या थांबण्यावर चिडू नये. ते यंत्र अपकेंद्री यंत्राचा पहिला नियम पाळत असते.

दुसरा धोका अनुस्पंदनाचा. झोक्याला त्याच्या स्वतःच्या तालाशी जुळवून धक्के दिले, तर लहान धक्क्यांनीही झोका उंच जातो. टांगलेल्या ड्रमलाही असा स्वतःचा ताल असतो. गती वाढता वाढता फेऱ्यांचा ताल त्या तालाशी जुळला, की थरथर एकदम वाढते. या गतीला क्रांतिक गती म्हणतात. नवल असे, की ती गती ओलांडून पुढे गेले की थरथर पुन्हा कमी होते. फिरणारा भाग जणू आपले वस्तुमान-केंद्र आपणच अक्षाजवळ आणून घेतो. स्वीडनचा अभियंता गुस्ताफ द लावाल याने १८७८ साली दुधातून साय वेगळी करणारे अपकेंद्री यंत्र बनवले होते. पुढे १८८९ च्या सुमारास त्याने आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचीक दांडा बसवला आणि क्रांतिक गतीच्या पलीकडे तो शांतपणे फिरवून दाखवला. साखरेच्या कारखान्यातील टांगलेला ड्रमही क्रांतिक गतीच्या वरच काम करतो. पण वर जायचे तर ती गती ओलांडावी लागते, आणि खाली येताना पुन्हा एकदा ओलांडावी लागते. त्या गतीवर रेंगाळायचे नाही, हा नियम त्यातूनच निघतो. धडधड नेहमीपेक्षा जास्त वाटली तर 'चालेल, पुढे होईल ठीक' असे न म्हणता यंत्र बंद करून कारण शोधायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरू करण्यापूर्वीची तपासणी. आत पाना किंवा फडके राहिले आहे का, जाळी फाटली आहे का, झाकण नीट बसले आहे का, हा ड्रम याच यंत्राचा आहे का, आणि तो या गतीला चालेल का? या शेवटच्या प्रश्नाची किंमत १६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कळली. अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात दुधाचे नमुने फिरत असताना अल्युमिनियमचा फिरता भाग, म्हणजे रोटर, फुटला. यंत्र पार मोडले. त्याचे सगळे तुकडे संरक्षक कवचातही अडले नाहीत आणि खोलीच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. तो रोटर पूर्वी पुष्कळ वेळा वापरलेला होता, पण त्या यंत्रासाठी निर्मात्याने मान्य केलेला नव्हता. 'आजवर काही झाले नाही' हा पुरावा किती दुबळा असतो ते यावरून ध्यानात येईल. धातूही थकतो, आणि थकलेला धातू आधी तक्रार करत नाही.

रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत याच्या जोडीला आणखी एक काळजी असते. तेथे अपकेंद्री यंत्रात पुष्कळदा पेट घेणारी द्रावके असतात. त्यांची वाफ, हवेतला ऑक्सिजन आणि एक ठिणगी एकत्र आली तर स्फोट होतो. म्हणून ड्रम फिरवण्याआधी आत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करतात आणि साचणारी विद्युतशक्ती जमिनीत जावी म्हणून यंत्र भूमीला जोडतात. येथे घाईने एक पायरी गाळली, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या व्यर्थ ठरतात.

थांबवताना

बटण दाबले म्हणजे वीज बंद होते, यंत्र थांबत नाही. ती २८ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी गेलीच पाहिजे. तिची सगळी उष्णता केली, तर साडेनऊ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला येईल. ती ३० सेकंदांत काढून घ्यायची म्हटले, तर ब्रेकला सरासरी ९५ किलोवॉट शक्ती पेलावी लागते. एका सेकंदात काढू म्हटले तर २८०० किलोवॉटहून अधिक! मोठे यंत्र क्षणात थांबवता येत नाही ते यामुळे. धोक्याच्या वेळी दाबायचे लाल बटणही ड्रमला जागच्या जागी थिजवत नाही. ते थांबण्याची क्रिया सुरू करते, इतकेच.

थांबवण्यालाही क्रम आहे. अखंड चालणाऱ्या अपकेंद्री यंत्रात आधी मालाचा पुरवठा बंद करतात, आतला भाग पाण्याने धुऊन घेतात आणि मग मोटर बंद करतात. न धुता बंद केले तर आतला गाळ एका बाजूला घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताना तोल गेलेला असतो. आजचे थांबवणे म्हणजे उद्याच्या सुरू करण्याची तयारी होय.

सर्वांत फसवी वेळ असते ती यंत्र 'जवळजवळ थांबले' असे वाटते ती. गती दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे मिनिटाला १२० फेऱ्यांवर आली, की ऊर्जा शंभराव्या हिश्श्यावर येते. ऐकायला बरे वाटते. पण त्या वेळीही भरलेल्या ड्रमची कड ताशी २७ किलोमीटर वेगाने जात असते. आणखी निम्मी, म्हणजे ६० फेऱ्यांची गती घेतली, तरी ७००० ज्यूल शिल्लक राहतात. ७० किलोचा माणूस दहा मीटर उंचीवरून पडला तर जमिनीवर आदळताना त्याच्यात एवढी ऊर्जा असते. सेकंदाला एक फेरा हा वेग डोळ्यांना मंद दिसतो. मात्र त्यात अडकलेला हात मागे घ्यायला एक सेकंदही मिळत नाही.

त्यातून डोळेही दगा देतात. सगळीकडून सारखा दिसणारा गुळगुळीत ड्रम फिरतो आहे की स्थिर आहे, हे नुसत्या पाहण्याने ठरत नाही. शिवाय आपली वीज ५० आवर्तनांची आहे. तिच्यावर चालणाऱ्या काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. अशा प्रकाशात सेकंदाला २० फेरे घेणाऱ्या ड्रमवर सारख्या अंतरावर पाच खुणा असतील, तर प्रत्येक लखलखाटाला एका खुणेच्या जागी दुसरी येते आणि ड्रम स्थिर असल्याचा भास होतो. म्हणून थांबले की नाही हे माणसाच्या नजरेने ठरवू नये, गती मोजणाऱ्या साधनाने ठरवावे.

वीज गेली म्हणजे यंत्र थांबले, हाही असाच एक भ्रम. वीज जाते तेव्हा मोटरची शक्ती जाते, ड्रमची गती जात नाही. विजेवर चालणारा ब्रेकही त्याच क्षणी निकामी होतो. म्हणून चांगल्या यंत्रात रचना उलटी असते. वीज नसताना झाकण कुलूपबंदच राहते, आणि ब्रेकची कमान वीज गेल्यावर आपोआप आवळली जाते. वीज परत आल्यावर मोटर आपणहून सुरू होणार नाही, अशीही योजना असते. आत उतरून सफाई करायची असेल तेव्हा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालतात, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात असते. ज्याचा जीव, त्याची किल्ली. हा नियम कोणत्याही साहेबाच्या हुकमाने मोडता कामा नये.

दोष कोणाचा?

आता मतभेदाच्या मुद्द्याकडे येतो. ड्रम पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडूच नये अशी अडकवण, म्हणजे इंटरलॉक, यंत्राला असते. ती तार जोडून किंवा चुंबक लावून फसवता येते आणि कित्येकदा फसवली जाते. मग हात सापडला, की 'कामगार निष्काळजी होता' असा शेरा मारून प्रकरण मिटते.

हा शेरा मला अपुरा वाटतो. अडकवण का फसवली, असा पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. गव्हाणीत ऊस पडतच असतो, पुढचा लगदा खोळंबलेला असतो, आणि प्रत्येक आवर्तनात दहा सेकंद वाचले तर पाळीअखेर पंधरा-वीस मिनिटे पदरात पडतात. हा दाब खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण दहा सेकंद मिळवायचे, तर ते कामगाराच्या बोटांवर न मिळवता यंत्राच्या रचनेत मिळवावेत. आणि ते शक्य आहे. आधुनिक यंत्रांत थांबताना मोटरच जनित्र बनते, ड्रमची ऊर्जा वीज होऊन परत तारेत जाते, आणि त्यामुळे ड्रम लवकर थांबतो. ब्रेकची झीज वाचते आणि विजेचे बिलही कमी होते. चांगले विज्ञान वापरले तर सुरक्षितता आणि उत्पादन एकमेकांच्या आड येत नाहीत.

कोणी म्हणेल, की कामगाराला अक्कल असली की पुरे, एवढी यंत्रणा कशाला? पण दमलेला, रात्रपाळीचा, सातव्या तासाला उभा असलेला माणूस चुकणारच, असे गृहीत धरून यंत्र बांधणे हीच खरी अक्कल होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा घालण्याचे बंधन मालकावर घातले, ते उगाच नव्हे. त्याच कायद्याने हेही ठरवले, की धोकादायक यंत्रावर किशोरवयीन कामगाराला पुरते शिक्षण दिल्याशिवाय उभे करायचे नाही. मात्र आडोसा, अडकवण आणि कायदा यांच्याबरोबर तिसरी गोष्ट लागते. ती म्हणजे 'असे का?' हे समजणे. कारण समजलेला नियम माणूस पाठीमागेही पाळतो. न समजलेला नियम मुकादमाची पाठ वळली की मोडतो.

शाळेने काय करावे?

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्तुळाकार गतीचा पाठ एकसमान गतीवर संपवू नये. सायकल उलटी करून तिच्या चाकाच्या आरीला हॉलजवळ एक लहानसे वजन घट्ट बांधा, हाताने चाक फिरवा आणि सायकल कशी हादरते ते पाहा. फिरत्या आऱ्यांत मात्र बोट घालू नका. मग समोरच्या बाजूला तेवढेच वजन बांधून हादरा कमी झाला का ते पाहा. छताचा पंखा बंद केल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि वहीत नोंद करा. कपडे पिळणारे यंत्र गती सोडताना एका ठरावीक टप्प्यावर जास्त थरथरते आणि मग शांत होते. तो टप्पा कोणता, याचा कान देऊन शोध घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत लहान अपकेंद्री यंत्र असेल, तर समोरासमोरच्या नळ्या तागडीत तोलून भरणे, आणि पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात न लावणे, यालाही प्रयोगाचे गुण द्यावेत. आज गुण फक्त निष्कर्षाला मिळतात.

या मासिकाचे वाचक असलेल्या मुलामुलींपैकी कित्येकजण पुढे आय.टी.आय.मध्ये, अभियांत्रिकीला किंवा औषधांच्या कारखान्यात जातील. काहीजण स्वतः यंत्र चालवतील, काहीजण इतरांना चालवायला सांगतील. त्या दुसऱ्या गटाने विशेष लक्षात ठेवावे, की थांबण्यासाठी लागणारा वेळ हा वाया गेलेला वेळ नाही. तो यंत्राच्या कामाचाच भाग आहे, आणि तो वेळापत्रकात आधीच धरलेला असला पाहिजे.

तेव्हा, यंत्र थांबले असे केव्हा म्हणावे? मोटर बंद झाली तेव्हा नव्हे, आवाज थांबला तेव्हा नव्हे, ड्रम स्थिर दिसला तेव्हाही नव्हे. त्यातली सगळी ऊर्जा निघून गेली आहे, साधनाने गती शून्य दाखवली आहे, आणि आत हात घालणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते पुन्हा सुरू होऊच शकत नाही, एवढ्या तिन्ही गोष्टींची खात्री झाली, म्हणजे यंत्र थांबले.